विडी सोडायची, पण वेपच्या वाटेने नको

वस्तीतल्या तरुणांकडून अलीकडे आम्हाला एक प्रश्न वारंवार येतो. "सिस्टर, सिगारेट सोडायची आहे. पहिली ई-सिगारेट कोणती घेऊ? चार्जिंग किती वेळ करायचं?" विचारणारा कधी जळगावच्या एमआयडीसीत पाळी करणारा असतो, कधी धुळ्यात रिक्षा चालवणारा, तर कधी सुरतेला कामाला जाऊन सणाला घरी आलेला. कोणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कोणाला मित्राने वापरून दाखवलेली असते.

या पोरांना आम्ही हसत नाही आणि घरच्यांनीही हसू नये. सिगारेट सोडावी असे ज्याला वाटले, त्याने अर्धी लढाई सुरू केली आहे. त्याला टोमणा मारला की तो पुन्हा टपरीवर जाऊन उभा राहतो. म्हणून त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. आमचे उत्तर असे आहे: कोणतीही ई-सिगारेट घेऊ नको. पण एवढे सांगून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. "हे घेऊ नको" म्हणणाऱ्याने "मग काय घे" हेही सांगितले पाहिजे. आमच्या सरकारने नेमके हेच नीट सांगितलेले नाही, आणि या लेखाचा मुद्दा तोच आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

ई-सिगारेट किंवा वेप म्हणजे एक बॅटरी, एक तापणारी बारीक तार आणि थोडा द्रव. दम ओढला की तार तापते आणि द्रवाची वाफेसारखी धुंदी होते. त्या द्रवात बहुतेक वेळा निकोटिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि वासासाठी घातलेली रसायने असतात. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे विडीच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून येत नाही. म्हणून ज्या देशांत तिच्यावर कडक देखरेख आहे, तिथले डॉक्टर तिला सिगारेटपेक्षा कमी घातक मानतात. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. निकोटिनची सवय त्यातूनही लागतेच. ज्या पोराने कधी विडी ओढली नाही, त्याच्या हातात गोड वासाची वेप देणे म्हणजे त्याला नवे व्यसन लावणे आहे.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. तिचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडले गेले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

"चार नग आणून मित्रांना विकतो, दोन पैसे सुटतील" असा विचार काही पोरे करतात. भाऊ, त्या दोन पैशांसाठी कोर्टाच्या चकरा मागे लागतील, आणि आपल्या घरचा माणूस अडकला की जामीन करायला कोण धावते, हे तुला माहीत आहे. मोठा माल आणणारा बाजूला राहतो आणि वस्तीतला पोरगा सापडतो.

चार्जिंगच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. जो माल चोरून येतो, त्याच्यावर कोणाची तपासणी नसते. द्रवात किती निकोटिन आहे, आणखी काय मिसळले आहे, बॅटरी कोणत्या दर्जाची आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. लिथियम बॅटरी हलकी असेल, भलत्या चार्जरला लावली किंवा रात्रभर चार्जिंगला ठेवली, तर ती तापून पेट घेऊ शकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय होते ते आपण भोगतो. त्या खोलीत उशाशी असली बॅटरी ठेवून लेकरे झोपवायची का? शिवाय द्रवाची कुपी लहान मुलाच्या हाती लागली आणि त्याने ती तोंडाला लावली, तर निकोटिनची विषबाधा होऊन जिवावर बेतू शकते.

"इंग्लंडात तर डॉक्टरच देतात!"

हा प्रश्न शिकलेली मुले विचारतात आणि तो खरा आहे. इंग्लंडच्या सरकारने २०२३ मध्ये दहा लाख लोकांना सिगारेटऐवजी वेपचे किट देण्याची योजना जाहीर केली. जगभरच्या चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही असे दिसले की सिगारेट सोडायला निकोटिनची वेप ही निकोटिनच्या च्युइंगम किंवा पॅचपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडते. हे लपवण्यात अर्थ नाही. लपवले तर मुले आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

पण तिथे द्रवात मिलीलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन घालता येत नाही, १८ वर्षांखालच्याला विकता येत नाही आणि सोबत सल्ला देणारी नर्स असते. तरीही शाळकरी मुलांत वेप पसरली, म्हणून १ जून २०२५ पासून तिथे एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. उलट अमेरिकेत २०१९ च्या सुमारास वेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसे अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ६८ दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला, बाजारात चोरून मिळणारा द्रव ओढला होता आणि त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नावाची भेसळ सापडली. खान्देशातल्या आपल्या पोराच्या हाती येणारी वेप इंग्लंडच्या दवाखान्यातली नसते, ती चोरट्या बाजारातलीच असते. म्हणून तिथला दाखला इथे चालत नाही.

बंदी झाली, उपचाराचे काय?

आता आमचे मत स्पष्ट सांगतो. वेपवर बंदी ठेवायला आमची हरकत नाही. पण वेप बंद आणि विडी मोकळी, हा कसला न्याय? टपरीवर विडीचे बंडल कधीही मिळते. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत सिगारेटवर ४० टक्के कर ठरला आणि विडीवरचा मात्र २८ वरून १८ टक्के करायचे ठरले. गरिबाची विडी म्हणून तिला सवलत, पण त्या विडीने गरिबाचे फुप्फुस गेले तर उपचारात सवलत कुठे आहे? विडीत सिगारेटपेक्षा कमी तंबाखू असतो, म्हणून ती हलकी असे अनेक जण समजतात. ते खरे नाही. ती विझू नये म्हणून दम वारंवार आणि जोरात ओढावा लागतो. तिने कॅन्सरही होतो, दमाही लागतो, आणि धूम्रपान करणाऱ्याला टीबीचा धोका जास्त असतो. एका खोलीच्या घरात हा धूर बायको आणि लेकरांच्याही छातीत जातो.

दुसरी गोष्ट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा मोठा प्रश्न चुना-तंबाखू, गुटखा आणि आयाबायांची मिश्री हा आहे. वेपची सगळी चर्चा त्यांच्या कामाची नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे-शिरपूरकडे गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. नुसत्या बंदीने व्यसन सुटत नाही, हे यावरून दिसते. बंदीसोबत उपचार दारापर्यंत आला पाहिजे.

आणि हा उपचार आहे! निकोटिन कमी मात्रेत देऊन तलफ भागवायची आणि हळूहळू तेही बंद करायचे, हीच ती रीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारताच्या राष्ट्रीय यादीत ती २०२२ मध्ये आली. वेपचा शोध घेणाऱ्या आपल्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते.

मग नेमके काय करायचे?

एक. तारीख ठरवा. पगाराचा, लग्नाचा, भांडणाचा दिवस टाळा. घरात सांगा, म्हणजे घरचे सांभाळून घेतील.

दोन. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हाच क्रमांक तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो. ज्या पाकिटाने आजार दिला, त्याच्यावरच मदतीचा नंबर आहे!

तीन. निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम मेडिकलमध्ये मिळते. ते साध्या च्युइंगमसारखे चघळायचे नाही. सावकाश चावायचे, तोंडात चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे, चुणचुण गेली की पुन्हा चावायचे. असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे आणि चघळताना चहा नको, नाहीतर औषध लागू पडत नाही. दिवसाला २४ पेक्षा जास्त कधीच नाही. दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद करायचे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला विडी लागतेच, त्याचे व्यसन जास्त मुरलेले असते. त्याला ४ मिलिग्रॅम लागू शकते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे.

चार. गुटख्याने ज्याचे तोंड नीट उघडत नाही, त्याला च्युइंगम जमत नाही. त्याने दंडावर चिकटवायच्या निकोटिन पॅचबद्दल विचारावे आणि तोंडाची तपासणी आधी करून घ्यावी. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, १८ वर्षांखालची मुले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये. च्युइंगम आणि वापरलेला पॅच दोन्ही लेकरांपासून लांब ठेवा.

पाच. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. डोके दुखते, राग येतो, झोप लागत नाही. हे औषधाने आणि दिवसांनी कमी होते. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, शेंगदाणे किंवा बडीशेप तोंडात टाका, टपरीसमोरून उठून चालायला लागा. एकदा घसरलात तर सगळे संपले असे समजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. बरेच जण दोन-चार प्रयत्नांनंतर सुटतात.

ज्याच्याकडे आधीच वेप आहे आणि तिच्यामुळे सिगारेट सुटली आहे, त्याने घाबरून परत विडीकडे वळू नये. च्युइंगम किंवा पॅच घेऊन वेपही सोडावी. ती कोणाला विकू नये आणि तिची बॅटरी चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नये.

हिशेब एकदा कागदावर मांडा. दिवसाचे ३० रुपये विडी-तंबाखूत जात असतील, तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. मुलीच्या कॉलेजचा प्रवेश त्यात निघू शकतो.

आता मागायचे काय?

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तंबाखू सोडवणाऱ्या केंद्राची तरतूद आहे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढताना विचारा, "तंबाखू सोडायचा आहे, कोणत्या खोलीत जाऊ?" "माहीत नाही" असे उत्तर मिळाले, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रश्न तीनच विचारा. गेल्या वर्षी या केंद्रात किती लोक आले? निकोटिनचे च्युइंगम आणि पॅच किती आले आणि किती वाटले? आपल्या तालुक्याच्या उपकेंद्रांत ते का मिळत नाहीत?

जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यात जायचे तर यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात किंवा साक्रीच्या शेतात राबणाऱ्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आमची मागणी आहे की हे औषध उपकेंद्रात आणि आपला दवाखान्यात फुकट मिळावे आणि आशाताईंना त्याचे प्रशिक्षण व मोबदला मिळावा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असे २००३ चा कायदा सांगतो. आपल्या वस्तीतल्या शाळेसमोरची टपरी पावलांनी मोजायला महिला मंडळाला अर्धा तास पुरेल.

येत्या रविवारी विहारात बैठक होईल तेव्हा हा विषय घ्या. ज्यांना सोडायचे आहे त्यांची नावे एका वहीत लिहा, त्यांना एकदमच दवाखान्यात न्या आणि अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्याने खिडकीवर विचारले तर त्याला परत पाठवतात, पण वीस जण एका रांगेत उभे राहिले तर खिडकी उघडावी लागते.