छायाचित्रांतील मायावी डाग

अंधारांत दोरीवर साप भासतो, हा वेदान्त्यांचा दाखला आमच्या वाचकांस परिचित आहे. तेथें चूक पाहणाराची असते. परंतु यंत्रासही असा भास होतो, आणि यंत्राला भीति वाटत नसल्यामुळें तो पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशाच एका भासाची चिकित्सा आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हबल दुर्बिणीवर २००२ सालीं एसीएस नांवाचा कॅमेरा बसविण्यांत आला. त्याच्या विस्तृत क्षेत्राच्या भागांत सिलिकॉनचे दोन सेन्सर शेजारीं शेजारीं असून प्रत्येकावर ४०९६ गुणिले २०४८ पिक्सेल आहेत. पिक्सेलांत सांठलेले इलेक्ट्रॉन एकामागून एक बाहेर काढून मोजावे लागतात. एकाच दारानें काढूं गेल्यास फार वेळ लागतो, आणि घाई केल्यास मोजणींत गोंधळ वाढतो. म्हणून चार कोपऱ्यांस चार निर्गममार्ग ठेवून चारही चतुर्थांशांची मोजणी एकाच वेळीं करतात.

विघ्न येथेंच उद्भवतें. एका ओसरीवर चार मुलें निरनिराळे पाढे म्हणत असतां एकानें मोठ्यानें आरोळी दिली, तर शेजारचा त्याच क्षणीं अडखळतो. तद्वत् एका मार्गानें तेजस्वी ताऱ्याचा मोठा विद्युत्संकेत जात असतां त्याचा अल्पांश इतर मार्गांत शिरतो. कधीं जोडण्यांच्या सान्निध्यामुळें, कधीं समाईक वीजपुरवठ्यामुळें. यास क्रॉसटॉक म्हणतात. या कॅमेऱ्यांत तो बहुधा काळसर डागांच्या रूपानें दिसतो.

डाग क्षुद्र खरा. पण समजा, ताऱ्याच्या पिक्सेलांत ५०,००० इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यांचा दहाहजारांश भाग दुसरीकडे शिरला, तर तेथें ५ इलेक्ट्रॉनांचा फरक पडतो. अतिदूरच्या अंधुक दीर्घिकेची एका पिक्सेलांतील कमाई कित्येकदां तेवढीच असते! म्हणजे असलेली दीर्घिका पुसली जावी, किंवा डाग उजळ असल्यास नसलेली जन्मास यावी, एवढा हा अनर्थ आहे.

निदानाची पहिली खूण स्थानाची. प्रत्येक मार्गाची मोजणी आपापल्या कोपऱ्यापासून सुरू होत असल्यानें डाग आरशांतील प्रतिबिंबासारखा बरोबर समोरच्या जागीं उमटतो. दुसरी कसोटी नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाची. तारा असतां डाग असावा, तारा चौकटीबाहेर जातांच नसावा. दुर्बीण किंचित् सरकवून पुन्हा चित्र घ्यावें. खरी ज्योति ताऱ्याबरोबर त्याच दिशेस सरकते. डावी-उजवीकडील मायावी डाग मात्र उलट दिशेस जातो.

कारण शोधण्यासाठीं प्रयोगशाळेंत एकाच भागावर प्रखर ठिपका पाडून इतर भाग अंधारांत ठेवावे, आणि प्रत्येक जोडीचें प्रमाण मोजावें. पहिल्याचा दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर होणारा परिणाम सारखाच असेल असें नाहीं. म्हणून चार मार्गांच्या जोड्या सहा नसून बारा धराव्या. मोजणीचा क्षण थोडा लांबविल्यानें डाग फिका झाला, तर संकेत स्थिरावण्यापूर्वींच मोजणी होत होती असें समजावें. न झाल्यास वीजपुरवठा व अर्थिंग तपासावें. आकाशांतील यंत्राची जोडणी सहज बदलतां येत नाहीं. तेथें २००४ सालच्या परीक्षणांत ‘गेन’ १ ऐवजीं २ ठेविल्यास डाग सौम्य होतो असें आढळलें. उरलेला अंश मोजलेल्या प्रमाणानें वजा करावा. मात्र पिक्सेल भरून ओसंडल्यावर तें प्रमाण विश्वसनीय राहत नाहीं. तेथें डोळे मिटून वजाबाकी करणारा नवाच डाग निर्माण करितो.

चिली देशांतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत चित्रें घेणारे १८९ सेन्सर असून प्रत्येकास १६ मार्ग आहेत. एका सेन्सरच्याच जोड्या २४० होतात! मार्ग वाढले कीं वेग वाढतो, आणि त्याबरोबर दक्षतेचें ओझेंही वाढतें.

घरांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं नवी ज्योति सांपडल्याचा आनंद करण्यापूर्वीं दुर्बीण एकवार सरकवून पाहावी.