सोरायसिस : ताट वेगळं मांडू नका!

मैत्रिणींनो, कोपर, गुडघे, कंबर किंवा डोक्यात लालसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे धरू लागले, की घरात कुजबूज सुरू होते. ताट वेगळं, टॉवेल वेगळा! तेव्हा आधी हे लक्षात घ्या : सोरायसिस संसर्गजन्य नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. अस्वच्छतेनेही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बिनसते आणि एरवी सुमारे २८ दिवसांत नवी होणारी त्वचा ३ ते ५ दिवसांतच तयार होऊन थर साचतात.

हा विकार मुळापासून जात नाही, पण ताब्यात नक्की राहतो. आंघोळ कोमट पाण्याने करा; अंग टिपून ते ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. पापुद्रे नखांनी खरवडू नका. जिथे खरचटतं, घासतं तिथे नवे चट्टे उठू शकतात. म्हणून परकराची नाडी करकचून बांधू नका. थंडीत आणि मनस्तापाने त्रास बहुधा वाढतो.

दुकानातून स्टिरॉइडचं मलम आपल्या मनाने आणू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध एकदम सोडूही नका. मूल हवं असेल तर त्यांना आधी सांगा, कारण मेथोट्रेक्सेटसारखी औषधं गर्भाला घातक ठरतात. सकाळी सांधे आखडत, सुजत असतील तर लगेच दाखवा.

आणि घरात सुनेला, जावेला हा त्रास असेल, तर तिचं ताट सगळ्यांच्या पंगतीतच मांडा. औषध डॉक्टर देतील; हे मात्र आपल्याच हातात आहे, नाही का?