चहाचे मळे आणि भेटीचा दिवस

गंगा तलावाला जाणाऱ्या आपल्या मंडळींना ब्वा शेरीचे मळे नवीन नाहीत. १८९२ पासून तेथे चहा आहे. आता कारखाना, संग्रहालय, तळ्यावर नजर टाकणारे उपाहारगृह असे मिळून ते पाहुण्यांचे ठिकाण झाले आहे. क्युरपीपपासून सेंट ओबँपर्यंत ‘चहाची वाट’ म्हणून सहल विकली जाते, ती खुशाल विकली जावो. आम्हांस लिहावयाचे आहे ते या वाटेवरच्या दुसऱ्या पाहुण्यांविषयी. वेगळा राहणारा बाप, कधी आई, आणि बरोबर चौदा-पंधरा वर्षांचे मूल.

भेटीचा दिवस ठरलेला असतो. मुलाला न्यायचे कोठे, हा प्रश्न दर खेपेस पडतो. मग मळा दाखवायचा, व्हॅनिलाचा चहा पाजायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळी दारात सोडायचे. परतीच्या रस्त्यावर हळूच विचारायचे, “आई काय म्हणते? घरी कोण कोण येते?” झाले! दिवसभराची सहल त्या एका प्रश्नाने फुकट गेली. लहान मूल उत्तर देते. पंधरा वर्षांचे मूल खिडकीबाहेर पाहते, आणि पुढच्या वेळी अभ्यासाचे निमित्त काढते.

घर मोडले म्हणजे मुले वाया गेलीच, असे आपल्या समाजात सर्रास बोलतात. ते खरे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे तीस वर्षे अशा कुटुंबांचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक लिहिले. घटस्फोटित घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, इतर घरांत हे प्रमाण १० टक्के होते. म्हणजे धोका वाढतो खरा, पण चारांतली तीन मुले सावरतात. मुलांना पोळते ते आईबापांचे भांडण, आणि त्या भांडणात निरोप्याचे काम करावे लागणे.

मळ्यात नेऊच नये असे आमचे म्हणणे नाही, उलट न्यावे. या वयाची मुले समोरासमोर बसवून बोलत नाहीत, शेजारून चालताना बोलतात. म्हणून उपाहारगृहातले टेबल राहू द्या, आधी मळ्यातून चाला. दोन पाने आणि एक कळी कशी खुडतात ते पाहा. पाठीवर टोपली घेऊन सकाळपासून उभ्या असलेल्या बायांना मुलाने नमस्कार करावा, एक-दोन प्रश्न विचारावेत. कारखान्यात पाने सुकतात, चुरली जातात, मग हवेने तांबूस होतात. त्या वासात उभे राहिले की मुलगा आपण होऊन काहीतरी बोलतो. बोलला नाही तर तेही चालेल. मात्र ठरलेला दिवस चुकवू नये. ऐन वेळी “काम निघाले” असा निरोप आला, की मुलाचा सगळा आठवडा नासतो. बरोबर एखादा मित्र आणतो म्हणाला तर आणू द्यावा, त्यात बापाचा मान जात नाही.

आता आपल्या मंडळ्यांविषयी थोडे. गणेश चतुर्थीला अशी मुले आली की कोणीतरी मावशी मोठ्याने विचारतेच, “बाबा नाही आले?” प्रेमाने विचारते हो, पण मूल पुढच्या वर्षी येत नाही. “यांचे लाड केले तर घटस्फोट वाढतील,” असे म्हणणारे वडीलधारेही आहेत. मुलाला घरात कोंडून कोणाचा संसार जुळल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

मॉरिशसमध्ये २००३ च्या कायद्याने मुलांसाठी लोकपाल नेमला, २०२० चा बालकांचा कायदा २०२२ पासून अमलात आहे. सरकारने आपले काम थोडेफार केले आहे. मंडळ्यांनी वर्षअखेरच्या सुट्टीत, खुडणी जोरात असते तेव्हा, सर्वच तरुण मुलामुलींची एक बस ब्वा शेरीला न्यावी. ‘विभक्त घरांतील मुलांसाठी’ असा फलक लावू नये. आणि नावनोंदणीच्या कागदावर आईवडील दोघांच्या सह्या मागू नयेत, एक सही पुरे.