जुना संगणक, नवी प्रणाली आणि घरचे कागद

घरांतील एखादें यंत्र वर्षानुवर्षें बिनतक्रार चालत असलें म्हणजे त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तें एके दिवशीं अडलें, म्हणजे मात्र सर्व घर त्याच्याभोंवतीं गोळा होतें. संगणकाच्या बाबतींत कित्येक कुटुंबांस अलीकडे हाच अनुभव आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज १०’ ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारी मूळ प्रणाली, जुलै २०१५ मध्यें निघाली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं कंपनीनें तिची नेहमींची देखभाल थांबविली. नोंदणी करणाऱ्या घरगुती यंत्रांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देण्याची तजवीज तिनें केली, ती निराळी. तेव्हांपासून जुन्या यंत्रावरच ‘विंडोज ११’ चढवावी कीं नवें यंत्र घ्यावें, असें विचारणारीं पत्रें आमच्याकडे येत आहेत.

देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडलें असें नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. वाड्याचा पहारेकरी काम सोडून गेला म्हणून वाडा कोसळत नाहीं. परंतु एखाद्या कुलुपांतील दोष चोरांस कळला, तर तो दुरुस्त करणारें कोणी उरत नाहीं. यासाठीं घाबरून जाऊं नये, आणि स्वस्थहि बसूं नये.

दोन पत्रें नमुन्यादाखल घेऊं. साताऱ्याच्या एक भगिनी लिहितात कीं, त्यांचें यंत्र २०१९ सालीं घेतलेलें व चांगलें वेगवान आहे, तरीहि ‘हा संगणक विंडोज ११ ला पात्र नाहीं’ असेंच उत्तर मिळतें. गिरगांवांतील एका गृहस्थांचा संगणक २०१४ सालचा. त्यांच्या कैलासवासी वडिलांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खपून लिहिलेला कुलवृत्तांत त्याच यंत्रांत आहे व तो अद्याप छापावयाचा आहे. दुकानदार म्हणतो, यंत्र भंगारांत द्या. पुतण्या म्हणतो, काका, सर्व पुसून नवी प्रणाली घालतों, तासाभराचें काम! गृहस्थांना दोन्ही सल्ल्यांची भीति वाटते, आणि ती अनाठायीं नाहीं.

हे दोन नकार दिसावयास सारखे असले, तरी जातीनें भिन्न आहेत. एक नकार कुलुपाचा, दुसरा उणिवेचा. कुलूप उघडतां येतें. उणीव भरून काढतां येतेच असें नाहीं. आपल्या यंत्राचा नकार कोणत्या जातीचा, हें ओळखणें म्हणजेच या कामांतील अर्धें शहाणपण होय. परंतु त्याहिपूर्वीं एक कर्तव्य आहे, तें म्हणजे घरच्या कागदांची सोय.

एकत्र कुटुंबाच्या संगणकांत काय काय सांठलेलें असतें, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाहीं. जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, पत्रिका, जमाखर्च, मुलांच्या शाळेचे दाखले! हें सर्व एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरून घ्यावें व आणखी एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. नुसतीं नांवें दिसलीं म्हणजे प्रत उतरली असें समजूं नये; दुसऱ्या संगणकावर दहापांच कागद प्रत्यक्ष उघडून पाहावे.

मराठी लिखाणाच्या बाबतींत तर विशेषच सावध राहिलें पाहिजे. युनिकोड पद्धति सार्वत्रिक होण्यापूर्वीं पुष्कळांनीं आपलें लेखन श्रीलिपि किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या साधनांनीं केलें. त्या काळच्या बहुतेक टंकांत देवनागरी आकृति रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेल्या असत. कागदांत खरोखर सांठलेले असतात ते रोमन अक्षरांचे संकेत. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. प्रणाली चढवितांना जुनी तशीच ठेवून वर नवी घातली, तर फॉन्ट बहुधा राहतो; परंतु सर्व पुसून नवी घातली, तर तो जातो, आणि पणजोबांच्या नांवाच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसूं लागते. यास्तव विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ कप्प्यांतील असे सर्व फॉन्ट आधीं उतरून घ्यावे, आणि प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची पीडीएफ प्रत करून ठेवावी. तींत अक्षरांच्या आकृति कागदाबरोबरच बांधल्या जातात. पुढें सवडीनें तें लिखाण युनिकोडमध्यें आणावें व मूळाशीं ताडून पाहावें, कारण जोडाक्षरें आणि रफार यांची रूपांतरांत अनेकदां गफलत होते.

आतां साताऱ्याच्या यंत्राकडे वळूं. विंडोज ११ ला चार जीबी रॅम, ६४ जीबी सांठवण, ६४-बिट प्रोसेसर, ‘यूईएफआय’ पद्धतीनें सुरू होणारें यंत्र, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ‘टीपीएम २.०’ नांवाची सुरक्षाव्यवस्था, इतक्या गोष्टी लागतात. कंपनीच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या फुकट मिळणाऱ्या साधनानें यांपैकीं काय कमी आहे, तें समजतें. २०१९ सालच्या पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, परंतु ती बंद ठेवलेली असते. यंत्र सुरू होतांना बायॉसमध्यें जाऊन ती चालू करावयाची. इंटेलच्या यंत्रांत तिला ‘पीटीटी’ व एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ म्हणतात. या भगिनींनीं कळविलेला प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे कंपनीच्या यादींतील आहे. तेव्हां त्यांचा नकार कुलुपाचा असावा.

मात्र येथें दोन खांचखळगे आहेत. पहिला असा कीं, ‘बिटलॉकर’नें डिस्क कुलुपबंद असेल, तर बायॉसमधील फेरबदलानंतर यंत्र ४८ आंकडी किल्ली मागूं लागतें. ती आधीं शोधून कागदावर लिहून ठेवावी, व फेरबदलापुरतें तें कुलूप तात्पुरतें थांबवावें. दुसरा असा कीं, यंत्र जुन्या ‘लेगसी’ पद्धतीनें चालत असेल व डिस्कची मांडणी ‘एमबीआर’ असेल, तर केवळ यूईएफआय निवडल्यानें यंत्र सुरूच होत नाहीं. विंडोज १० मधील ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनानें डिस्कची मांडणी प्रथम बदलावी लागते. हें काम जाणकारास शेजारीं बसवूनच करावें.

पात्र ठरलेलें यंत्रहि कित्येकदां चढाई अर्ध्यावर सोडून मागें फिरतें. त्या वेळीं पडद्यावर जो संकेतांक येतो, तो लिहून घ्यावा. त्यांत ८००७००७० हे आंकडे असले, तर डिस्कवर जागा अपुरी आहे. पंचवीस-तीस जीबी मोकळी करून पुन्हा पाहावें. शेवटीं १९००१०१ असलें, तर बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणाशीं बोलणाऱ्या दुभाष्याचा, दोष असतो. अशा वेळीं प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह सर्व काढून फक्त कीबोर्ड, माऊस व पडदा ठेवावा, बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस तात्पुरता काढून टाकावा, आणि पडद्याचा ड्रायव्हर यंत्राच्या निर्मात्याकडून नवा घ्यावा. हे उपाय एकदम करूं नयेत. एका वेळीं एकच फेरबदल करावा व तो तारखेनिशीं वहींत टिपावा. नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं, आणि अपाय झाल्यास परतण्याची वाट सांपडत नाहीं. वीज जाण्याचा संभव असेल त्या दिवशीं तर हें काम हातींच घेऊं नये.

एक कारण इतकें क्षुल्लक आहे कीं, तें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. यंत्राचें घड्याळ चालविणारा नाण्याएवढा सेल, बहुधा ‘सीआर २०३२’ या नांवाचा, कांहीं वर्षांनीं संपतो. मग वीज काढतांच तारीख मागें जाते. चुकीच्या तारखेमुळें कंपनीच्या यंत्रणेशीं होणारी ओळखपरेड फसते आणि नवी प्रणाली उतरतच नाहीं. कांहीं यंत्रांत बायॉसमधील योजनाहि पूर्ववत् होतात, व आज चालू केलेली टीपीएम उद्यां पुन्हा बंद आढळते. टेबलावरील संगणकांत हा सेल बदलण्यास किरकोळ खर्च येतो. तो न बदलतां नवा संगणक घेणाऱ्यांस काय म्हणावें!

चढाई यशस्वी झाली, तरी पहिले दहा दिवस परीक्षेचे समजावे. तोंवर ‘गो बॅक’ या वाटेनें जुन्या प्रणालीवर परततां येतें. मात्र ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा कप्पा जागा अडवितो म्हणून कोणी पुसून टाकतां कामा नये. या मुदतींत मराठी कागद, प्रिंटर व जमाखर्च हीं सर्व तपासून घ्यावीं.

गिरगांवच्या यंत्राचा नकार मात्र उणिवेचा आहे. २०१४ सालचा प्रोसेसर कंपनीच्या यादींत नाहीं. शिवाय त्यांची विंडोज ३२-बिट आहे. विंडोज ११ केवळ ६४-बिट निघते, व ३२-बिट प्रणालीवरून तिच्यावर थेट चढतां येत नाहीं, सर्व पुसावेंच लागतें. अटी चुकवून प्रणाली घालण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. परंतु अशा यंत्रांस पुढील दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाहीं. ज्या सुरक्षिततेसाठीं हा खटाटोप, तीच अनिश्चित राहते.

तथापि भंगाराचीहि घाई नको. त्यांचा प्रोसेसर ६४-बिट असल्यानें ‘लिनक्स मिंट’सारखी फुकट मिळणारी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावतां, चालवून पाहतां येईल. ती रुचली नाहीं, तर इंटरनेट तोडून तेंच यंत्र केवळ लेखनासाठीं ठेवावें; बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करूं नयेत. कुलवृत्तांताच्या दोन प्रती, त्याचे फॉन्ट आणि पीडीएफ हातीं आल्यावर मग पुतण्यानें खुशाल यंत्र पुसावें. त्या मुलाचा उत्साह वाईट नाहीं. त्याला क्रम सांगणारें वडीलधारें माणूस जवळ असलें म्हणजे झालें.

या दोन्ही पत्रांत एक गोष्ट समान आढळली. संगणकाचा पासवर्ड घरांत एकाच व्यक्तीस ठाऊक होता. गिरगांवीं तर ती व्यक्ति निवर्तल्यावर तो त्यांच्या दैनंदिनींत योगायोगानें सांपडला. आपल्या घरांत तिजोरीच्या किल्ल्या कोठें असतात, हें निदान दोघांना माहीत असतें. तोच शिरस्ता येथेंहि पाळावा. पासवर्ड, ४८ आंकडी किल्ली व प्रती कोठें आहेत त्याची टीप, हीं एका पाकिटांत घालून महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावीं, आणि वडील पिढींतील एकास व धाकट्या पिढींतील एकास तें पाकीट दाखवून ठेवावें.