टीडीएसचं भूत

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत पाण्याची गुणवत्ता म्हणजे टीडीएस. दर आठवड्याला कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकतो: ग्लासात टँकरचं पाणी, त्यात पेनाएवढा मीटर, आकडा ७८०. खाली "हे आपण पितोय!!!" मग पन्नास रडके चेहरे, आणि दुपारपर्यंत दोघातिघांनी नवीन आरओ बुक केलेला असतो.

आता हा मीटर काय मोजतो? पाण्यातून वीज किती सहज वाहते ते. त्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणतो आणि क्षार म्हणून दाखवतो. बस्स. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचा थेंब पडलेलं पाणी ९० दाखवेल आणि स्वच्छ बोअरचं ७८०. तरी इंजिनियर झालेली माणसं त्या आकड्यावर माना डोलावतात, कमाल आहे!

आणि तो विक्रेत्याचा जादूचा प्रयोग... तो पाहिला नसेल असं घर नसेल. दोन ग्लास, दोन्हीत धातूच्या कांड्या, वीज चालू. नळाच्या पाण्यात हिरवा-तपकिरी गाळ, आरओचं पाणी स्वच्छ. आई-बाबा हादरतात. अहो, तो गाळ त्या लोखंडी कांडीचा आहे! पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडी झिजते आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, मग वीज वाहणार कशी? पुढच्या वेळी त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत करायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो :-)

जडपणा त्रास देतो, नाही कशाला म्हणू? आपल्याकडच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. साबणाला फेस नाही, नळावर पांढरे डाग, गीझरच्या कॉइलवर थर. पण हा पैशाचा आणि वैतागाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठेवलेली नाही. आपल्या आयएस १०५०० मध्येही जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. टीडीएसचं तसंच, ५०० आणि २०००. पण ई. कोलायला त्याच मानकात सवलत शून्य: १०० मिलिलीटरमध्ये एकही सापडता कामा नये. काय महत्त्वाचं ते इथेच कळतं. (सॉफ्टनर बसवून टीडीएस उतरला नाही म्हणून भांडणाऱ्यांसाठी: तो उतरत नसतोच. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो.)

जानेवारी २०२५ इतक्यात विसरलो आपण? सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी. गियाँ-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण, काही मृत्यू, धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला. तो कोणत्या मीटरवर दिसला असता? त्या भागातले पाणी विकणारे खाजगी आरओ प्रकल्प महापालिकेने फेब्रुवारीत बंद केले. म्हणजे 'आरओचं आहे' एवढ्यावर विश्वास ठेवून लोक जारचं पाणी आणत होते! नांदेड, किरकटवाडी ही २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. वाघोली त्याच यादीत आहे, हे आमच्या ग्रुपला कोणी सांगावं?

घरचा आरओ चालू स्थितीत असेल तर जंतू अडवतो, मान्य. पण तो एकाच नळाला आहे. दात घासता ते पाणी, कोथिंबीर धुता ते पाणी टाकीचंच. शिवाय आतला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे मशीनच्या टाकीत साठलेल्या पाण्याला कसलंच संरक्षण उरत नाही. आणि फिल्टर वेळेवर बदलणारे किती जण आहेत, हे आपलं आपल्याला माहीत आहे.

वर नासाडी. घरगुती आरओ साधारण एक लिटर देताना तीन लिटर मोरीत सोडतो. घरटी वीस लिटर धरा, दोनशे फ्लॅट: रोज बारा हजार लिटर. म्हणजे दहा हजारांचा एक अख्खा टँकर आपण विकत घेऊन गटारात ओततो, वर मेंटेनन्स वाढला म्हणून बोंबलतो! २०१९ मध्ये हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, ते उगाच नाही. महापालिकेचं धरणाचं पाणी येतं त्या दिवशी आमच्याकडे तोच मीटर शंभराच्या खाली असतो. तरी ते पाणी आरओमधून जातं.

गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाहीतर टीसीएल पावडर कमी पडली. हे त्याला जमतं. आमच्या सोसायटीत एमटेक झालेले सात जण आहेत आणि शेवटच्या मजल्याच्या नळाला क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम तरी पोचतो का, हे एकालाही सांगता येत नाही.

रविवारी मीटिंग आहे. अजेंड्यावर दोन गोष्टी द्यायच्या आहेत: टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख, आणि टँकरवाल्याकडून जंतुतपासणीचा रिपोर्ट. ओटीची बाटली मी घेऊन येतोय. टीडीएस मीटर घरी ठेवून या.