पाणी उसाला, उपदेश ज्वारीला

शेतकऱ्याला अनुदान दिले की धान्य महागते, असे सुरतेच्या रिंग रोडवरचा कापडवाला म्हणतो. अनुदान आहे म्हणूनच ते स्वस्त आहे, असे सरकार म्हणते. माझे म्हणणे दोघांनाही रुचणार नाही. अनुदान एका पिकाला उचलते आणि दुसऱ्याला रानातून हुसकते. हुसकलेले पीक ज्याच्या ताटातले, त्याने किंमत मोजायची. आमच्याकडे ते पीक ज्वारी आहे, आणि ताट खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या माणसाचे आहे.

तापीवरचे उकाई धरण 1972 साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात आपल्या नवापूरकडच्याही जमिनी गेल्या. पाणी मात्र खाली बार्डोलीच्या काळ्या मातीत उतरले आणि तिथे ऊस उभा राहिला. उसाला कालवा, उसाला सहकारी कारखाना, उसाला केंद्राने बांधून दिलेला भाव (2024-25 साली क्विंटलला 340 रुपये), आणि साखरेलाही 2018 पासून किमान विक्रीदर! एवढ्या तटबंदीपुढे ज्वारी काय टिकणार? ऊसवाल्याला मी दोष देत नाही. जिथे खात्री, तिथे शेतकरी जाणारच.

आता ज्वारीचे पाहा. 2024-25 च्या खरिपात संकरित ज्वारीचा हमीभाव होता 3371 रुपये. त्याच वर्षी पेरलेल्या गव्हाचा 2425. कागदावर ज्वारी वरचढ! पण हमीभाव म्हणजे खरेदी नव्हे. गव्हातांदळाने सरकारी कोठारे भरतात. ज्वारीची खरेदी त्यांच्यापुढे मूठभर. रेशनवर येते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ, 2023 च्या जानेवारीपासून तर फुकट. भुकेल्याला धान्य मिळाले, यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पण भाकरी हवी असेल तर त्याने बाजारात जावे, हा कुठला न्याय? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यालाही जागा आहेच की! शिवाय ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की दुधाचा खर्च वाढला. ही महागाई कोणत्या खात्यात लिहायची?

2023 हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. ज्वारीला ‘श्रीअन्न’ ही पदवी मिळाली. सुरतकर तर हिवाळ्यात ज्वारीचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, शेवेबरोबर चवीने खातो. पदवी झाली, चैन झाली. रोजची भाकरी तेवढी राहिली.

कै. शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणत: एका हाताने खत स्वस्त द्यायचे, दुसऱ्याने भाव पाडायचा. 2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा त्याचा प्रत्यय पुन्हा आला. पण ‘सरकारने हात काढावा’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. एकाच्या बांधाला कालवा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर नुसते आभाळ असताना खुला बाजार कोणाला खुला?

आणि जमिनीचे काय? अमेरिकेने 1985 च्या कायद्याने धूप होणारी जमीन पिकाखालून काढणाऱ्या शेतकऱ्याला वार्षिक भाडे देऊ केले. आपण नेमके उलटे करतो. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांत देऊन जमीन दमवायला मदत करतो. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि खारपड जमिनीचा प्रश्न जुनाच आहे. तिथे उसाऐवजी कमी पाण्याचे धान्य घेणाऱ्याला पैसे दिले, तर जमीनही वाचेल आणि भाकरीही.

म्हणून मागणी सरळ आहे. अनुदान बंद करू नका, त्याचे तोंड वळवा. हमीभाव जाहीर केलात तर ज्वारी विकत घ्या, आणि ती खाणाऱ्याच्या रेशनवर द्या.

दिवाळी सरली की नंदुरबार, धुळे, डांगातून कोयते घेऊन माणसे बार्डोलीकडे निघतील. ज्या उसाने ज्वारीची जमीन घेतली तो ऊस तोडतील, आणि त्या मजुरीतून ज्वारी विकत घेतील. या व्यवहारात अनुदान कोण कोणाला देतो आहे, हे वाचकांनीच ठरवावे.