रक्तातली खोट

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचे लग्न ठरत आले आहे. मुलगी चंद्रपूरकडची, सुशिक्षित, उभयतांची पसंती झालेली. परंतु रक्त तपासले तेव्हा ती सिकलसेलची वाहक निघाली. 'रक्तातच खोट आहे' म्हणून मातुःश्री अडून बसल्या आहेत.

"सर, हल्ली जनुके दुरुस्त करतात ना? मग मूल गर्भात असतानाच ती दुरुस्त करून घेता येणार नाहीत?"

मी म्हटले, आधी स्वतःचे रक्त तपासून घे. तुझ्याही रक्तात हा गुण, किंवा थॅलसेमियाचा, असेल तरच प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता चारांत एक. नसेल तर मूल फार तर आईसारखेच वाहक होईल. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे.

त्याचा प्रश्न मात्र मनातून जाईना. रोग्याच्या रक्तोत्पादक मूलपेशी काढून, त्यांतील जनुकात फेरफार करून त्या परत देण्याच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर! गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींनी ते कोठून आणावेत, हीही नीतीचीच बाब आहे. तथापि तेथे रोग्याची संमती असते, आणि तो फेरफार त्याच्या देहाबरोबर संपतो.

गर्भाचे तसे नाही. २०१८ मध्ये हे जियानकुई या चिनी संशोधकाने एड्सपासून संरक्षण मिळावे म्हणून भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले; पुढल्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही असा वंशगत फेरफार निषिद्ध ठरविला आहे. मुलाला विचारून कोण जन्माला घालतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. परंतु येथली चूक एका मुलापाशी थांबत नाही, ती नातवंडा-पतवंडांच्या रक्तात उतरते.

शिवाय खोट कशाला म्हणावे? हाच सिकलसेलचा गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आला, तर घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण देतो. म्हणून तर हिवतापाच्या मुलखांत तो इतक्या पिढ्या टिकला.

येत्या रविवारी मातुःश्रींना भेटायला यावे, असा विद्यार्थ्याचा आग्रह आहे. तोवर त्याच्या रक्ताचा अहवाल आलेला असेल.